हातात पाना, अर्जावर नाव: बडोद्यात मुलींच्या संशोधनासाठी काम सुरू करणाऱ्यांना

विज्ञान शिकणाऱ्या मुलीच कमी आहेत, हा समज आधी बाजूला ठेवा. २०२१-२२च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शाखेत पदवीपासून पीएचडीपर्यंत ५७.२ लाख विद्यार्थी मोजले गेले, आणि त्यांपैकी २९.८ लाख मुली होत्या. निम्म्याहून जास्त. अभियांत्रिकीत मुली अजूनही बऱ्याच मागे आहेत, ते खरं. पण विज्ञानाचे वर्ग भरलेले आहेत. आता केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा एक आकडा याच्या शेजारी ठेवा: २०१८ साली देशात संशोधन-विकासाच्या प्रत्यक्ष कामावर असलेल्यांत स्त्रिया होत्या १६.६ टक्के. वर्गात निम्म्या, आणि नवं काही घडतं त्या टेबलाशी साधारण सहाजणांत एक. मधल्या वाटेवर त्या कुठे गळतात ते शोधायचं आणि नेमकं तिथे जाऊन उभं राहायचं, एवढंच आपलं काम आहे.

बडोद्यात हे काम करू पाहणारे पुष्कळ भेटतात. मराठी मंडळाचे कार्यकर्ते असतात, शाळेतल्या विज्ञानाच्या बाई असतात, कॉलेजातले एखादे सर असतात, मकरपुरा जीआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप असलेले काका असतात, नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यात नोकरी करणारी ताई असते. सगळ्यांची इच्छा असते आणि सगळे एकाच जागी अडतात: सुरुवात कुठून करायची? बहुतेक वेळा मग एक व्याख्यान ठरतं, एक सत्कार होतो, आणि वर्ष संपतं. व्याख्यानाला माझा विरोध नाही, पण व्याख्यान ऐकून कोणाच्या हातात पाना येत नाही.

आपल्या गावाला या कामाची पुण्याई आहे, ती नव्या लोकांनी माहीत करून घ्यावी. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हातानं काम करणारे कारागीर-तंत्रज्ञ घडवण्यासाठी. आजची विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा त्याच रोपातून वाढली. सक्तीचं प्राथमिक शिक्षण त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात करून पाहिलं आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात नेलं, मुलींनाही लागू करून. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा पहिल्या कुलगुरू झाल्या हंसा मेहता. त्याच्या आदल्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ हा शब्दप्रयोग जाऊन ‘सर्व मानव’ आला, तो त्यांच्या आग्रहानं. बाई सर्वोच्च खुर्चीवर बसलेली या गावानं पंचाहत्तर वर्षांपूर्वीच पाहिली आहे. तेव्हा ‘आपल्याकडे हे चालत नाही’ असं कोणी म्हटलं तर त्याला हे सांगता येईल.

पहिलं काम: वहीत मोजा

कुठल्याही उपक्रमाआधी एक महिना नुसतं मोजण्यात घालवा. तुमचा ज्या एका संस्थेशी रोजचा संबंध आहे, तीच निवडा: एक शाळा, एक कॉलेज, एक कारखाना. सगळं बडोदे मोजायला जाऊ नका.

प्रवेशाचे आकडे घेऊन उपयोग नाही, ते छानच निघतील. प्रोजेक्टच्या प्रत्येक गटात तारा डागून जोडायची सोल्डरिंगची बंदूक कोणाच्या हातात होती आणि अहवाल कोणी टाइप केला, ते पाहा. प्रदर्शनात परीक्षक आले तेव्हा यंत्र चालवून कोणी दाखवलं आणि फाइल धरून कोण उभं होतं. लॅबची किल्ली कोणाकडे असते. सुटीच्या दिवशी वर्कशॉप उघडायची परवानगी कोणाला मिळते. संस्थेतून गेल्या पाच वर्षांत पेटंटचे किती अर्ज गेले आणि शोधकांच्या यादीत किती बायका आहेत. हे शेवटचं पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव घालून घरबसल्या शोधता येतं, कारण प्रसिद्ध झालेले अर्ज सर्वांना खुले असतात.

मोजताना मुलींची नावं लिहू नका, कोणावर ठपका ठेवू नका. मुख्याध्यापकांना किंवा विभागप्रमुखांना आधी सांगून, त्यांच्या संमतीनं करा. मी जिथे जिथे ही मोजणी होताना पाहिली, तिथे पहिला धक्का शिक्षकांनाच बसला. चांगले, मनापासून शिकवणारे शिक्षक. गटात काम वाटून द्यायला मुलांना सांगितलं की सुबक अक्षर आहे म्हणून फाइल मुलीकडे जाते आणि तारा मुलाकडे, हे त्यांच्या नजरेतूनच सुटलेलं असतं. कोणाचा वाईट हेतू नसताना चार वर्षं हेच होत राहतं, आणि शेवटी मुलगी उत्तम गुण घेऊन बाहेर पडते पण ड्रिल मशीन सुरू करायला बिचकते.

मग एकच गळती निवडा

मोजणीतून पाच-सहा ठिकाणं दिसतील. एक घ्या. शाळेत असाल तर हत्यारं, कॉलेजात असाल तर प्रोजेक्टमधली भूमिका आणि नाव, कारखान्यात असाल तर चाचण्या कोणत्या पाळीत होतात ते. संस्थेबाहेरचं मंडळ असाल, तर शिक्षण झाल्यावर घरी बसलेल्या बायका. सगळं एकदम हाती घेतलं की दिवाळीपर्यंत उत्साह संपतो.

शाळेत: हत्यारांचा रविवार

केंद्राच्या अटल इनोव्हेशन मिशननं शाळांना टिंकरिंग लॅबसाठी अनुदान दिलं आहे. सहावी ते बारावीच्या मुलांनी तिथे सेन्सर, थ्री-डी प्रिंटर, इलेक्ट्रॉनिक्स हाताळावं अशी कल्पना. तुमच्या जवळच्या शाळेत ती लॅब आहे का ते आधी विचारा, आणि असेल तर ती आठवड्यातून किती तास उघडी असते तेही. कित्येक ठिकाणी सामान असतं, कुलूपही असतं. ते कुलूप रविवारी तीन तास उघडून घेणं ही तुमची पहिली कमाई.

लॅब नसली तरी अडत नाही. दोन मल्टिमीटर, दोन सोल्डरिंग आयर्न, ब्रेडबोर्ड (डाग न देता सर्किट जोडून पाहायची पाटी), पकडी, पेचकसांचा संच, बारीक मापं घ्यायला एक व्हर्निअर आणि घराघरांतून जमा केलेली बंद पडलेली उपकरणं एवढ्यावर पहिले काही महिने निघतात. मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन, जुना रेडिओ. उघडायचं, चित्र काढायचं, परत जोडायचं. प्लग काढल्याशिवाय हात लावायचा नाही, केस बांधायचे, ओढणी काढून ठेवायची, सोल्डरिंग करताना चष्मा लावायचा आणि खिडकी उघडी ठेवायची. हे नियम पहिल्या दिवशी भिंतीवर लावा आणि मोडले तर त्या दिवसाचं काम थांबवा. मुलगी आहे म्हणून सूट नाही, आणि मुलगी आहे म्हणून ‘तू राहू दे, मी करतो’ हेही नाही.

मुलींचा गट वेगळा ठेवावा की मुलांबरोबर? यावर खूप मतं आहेत. माझं मत असं की सुरुवातीचे दोन-तीन महिने वेगळा ठेवावा. मुलं उपजत हुशार असतात असं काही नाही. घरात पंखा उघडताना बाबांनी मुलाला हाक मारलेली असते, मुलीला नाही, म्हणून त्यांचा हात आधीच बसलेला असतो. तो फरक भरून निघाला की गट एकत्र करा आणि भूमिका दर आठवड्याला फिरवा: या रविवारी जी तारा जोडेल ती पुढच्या रविवारी नोंदी घेईल.

शिकवायला कोण? प्राध्यापक शोधत बसू नका. मकरपुऱ्यातला टूलरूममधला फिटर, वीज कंपनीतून निवृत्त झालेले आजोबा, तरसालीच्या आयटीआयत शिकलेली एखादी ताई चालतील. शक्य असेल तर दोघांत एक बाई असू द्या. हत्यार सराईतपणे वापरणारी बाई मुलींनी डोळ्यांनी पाहिली पाहिजे. अण्णा मणी यांचं नाव मुलींना जरूर सांगा. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. तेव्हा आपण साधी हवामानाची उपकरणंही परदेशातून आणत होतो. त्यांनी शंभराच्या आसपास उपकरणांची रेखाचित्रं प्रमाणित करून घेतली आणि ती देशातच बनू लागली. खात्याच्या उपमहासंचालक म्हणून १९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी बंगळुरूत वाऱ्याचा वेग आणि सौरऊर्जा मोजणारी उपकरणं बनवण्यासाठी छोटं वर्कशॉप काढलं.

विषय निवडताना एक सापळा आहे. मुलींचा गट म्हटलं की पाहुणे सुचवतात सॅनिटरी पॅड किंवा महिला-सुरक्षेचं ॲप. दोन्ही महत्त्वाचे विषय आहेत, मुलींनी स्वतः निवडले तर करावेतच. पण बाहेरून ते त्यांच्या गळ्यात घालू नका. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांचं काय झालं ते या मुलींनी पाहिलेलं आहे. नाल्यातली पातळी वाढली की सोसायटीत भोंगा वाजवणारं यंत्र, पाण्यात भिजूनही चालणारी बॅटरीची पेटी, दूषित टाकी ओळखायची स्वस्त चाचणी हे विषय त्यांच्याच घरातून येतात. पहिल्या बैठकीत ‘तुम्हाला रोज कशाचा वैताग येतो?’ असं विचारा आणि फळ्यावर लिहीत जा. फळा पुरत नाही.

यातून काही तयार झालं की शाळेमार्फत ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत कल्पना पाठवायची. सहावीपासून पुढच्या विद्यार्थ्यांसाठी ही योजना आहे, एका शाळेला पाच कल्पना ऑनलाइन पाठवता येतात, आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात नमुना बनवायला १०,००० रुपये येतात. मुलीच्या नावानं बँकेत खातं आहे ना, आधारवरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळतं ना, हे आधी बघून घ्या; चांगल्या कल्पना अशा क्षुल्लक कारणांनी अडकतात. नववी ते बारावीच्या मुलींसाठी केंद्राचा ‘विज्ञान ज्योती’ हा वेगळा कार्यक्रम आहे. तो नवोदय विद्यालयांच्या आधारानं चालतो आणि त्यात प्रयोगशाळा-भेटी, मार्गदर्शन आणि विद्यावृत्ती मिळते.

कॉलेजात: भूमिका, आणि पैशाची चिंता

डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलीला ‘प्रगती’ शिष्यवृत्ती सांगा. एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, ही योजना वर्षाला ५०,००० रुपये देते. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत हवं आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळते. बी.एस्सी.ला जाणाऱ्यांसाठी केंद्राच्या विज्ञान विभागाची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपयांची. घरचे मेकॅनिकलऐवजी ‘जवळचं काहीतरी घे’ म्हणतात, त्यामागे पुष्कळदा फीचा आणि धाकट्या भावाच्या शिक्षणाचा हिशोब असतो. तो हिशोब उघड मांडून त्यात ही रक्कम दाखवली की बोलणं सोपं होतं.

आयआयटीत जायची तयारी असलेल्या मुलींना एक माहिती द्या. २०१८ पासून तिथे मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या आहेत. त्या मुलांच्या जागा कापून दिलेल्या नाहीत, वाढवलेल्या आहेत. ‘कोणाची तरी जागा घेतली’ हे टोमणे ऐकून ज्या खचतात त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं आहे.

प्रोजेक्टच्या बाबतीत शिक्षकांकडे एकच मागणी करा, पण लेखी: प्रत्येक गटानं लॅब-नोंदवही ठेवायची, पानं क्रमांकित, आणि दर आठवड्याला कोणी काय केलं ते तारीख घालून सर्वांनी सही करायची. शिस्त म्हणून तर हे चांगलंच आहे, पण पुढे पेटंटवर किंवा शोधनिबंधावर कोणाचं नाव लावायचं हा प्रश्न आला की हीच वही साक्ष देते. तोंडी आठवणीवर सोडलं की जो मोठ्यानं बोलतो त्याचं काम मोठं ठरतं.

गुजरातची विद्यार्थी स्टार्टअप आणि नवोन्मेष योजना, एसएसआयपी, २०१७ पासून चालू आहे. तिच्यातून कॉलेजमार्फत नमुना बनवायला आणि बौद्धिक संपदेच्या अर्जासाठी मदत मिळते. तुमच्या कॉलेजातला त्याचा समन्वयक कोण आहे ते नोटीस बोर्डावर नसेल तर कार्यालयात विचारा. गटातून मुलीनंच जाऊन विचारावं. पहिल्या वेळी हवं तर तुम्ही सोबत जा, पण बोलू द्या तिलाच.

नाव लावणं: पेटंटचं काम नीट समजून घ्या

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते भरून येत नाही.

पहिला नियम: अर्ज करण्याआधी दाखवू नका. विज्ञान प्रदर्शनात मांडलं, यूट्यूबवर व्हिडिओ टाकला, मंडळाच्या गणेशोत्सवात सगळं उलगडून सांगितलं, पेपरात फोटोसह बातमी आली, आणि मग पेटंटचा अर्ज केला, तर नवेपणा उरलेला नसतो. कायद्यात थोडे अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. कौतुकाच्या भरात हे आपल्याच हातून होतं. म्हणून सत्कार आधी की अर्ज आधी, याचं उत्तर पक्कं ठेवा.

मग शोध घ्या. गुगल पेटंट्स आणि भारतीय पेटंट कार्यालयाचं संकेतस्थळ दोन्ही फुकट आहेत. चार-पाच वेगवेगळ्या शब्दांत शोधा. तुमच्यासारखंच काही सापडलं तर निराश व्हायचं कारण नाही. त्यात काय कमी आहे ते वाचलं की सुधारणा कुठे करायची ते कळतं. काही गोष्टींना पेटंट मिळतच नाही हेही आधी पाहा: नुसता संगणक प्रोग्राम, शेतीची पद्धत, आणि परंपरेनं चालत आलेलं ज्ञान. आजीच्या काढ्याची कृती जशीच्या तशी अर्जात घालून उपयोग नाही. त्या काढ्यातला घटक वेगळा काढायची नवी पद्धत शोधली, तर मात्र विचार होऊ शकतो.

तयारी अपुरी असेल तर तात्पुरता अर्ज करून तारीख पकडता येते, आणि पूर्ण अर्ज १२ महिन्यांत द्यावा लागतो. एकट्या व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची मूळ सरकारी फी १,६०० रुपये आहे. मोबाइलपेक्षा पुष्कळ स्वस्त. खरा खर्च होतो तो मसुदा लिहून देणाऱ्या एजंटाचा. स्टार्टअप म्हणून केंद्राकडे मान्यता असेल तर त्या मदतीची फी सरकारी योजनेतून दिली जाते आणि आपण फक्त अर्जाची फी भरायची. गुजरातचे अर्ज मुंबई कार्यालयाच्या अखत्यारीत येतात, पण सगळं ऑनलाइन होतं, गाडी पकडून जावं लागत नाही. गांधीनगरच्या ‘गुजकोस्ट’मध्ये, म्हणजे राज्याच्या विज्ञान-तंत्रज्ञान परिषदेत, पेटंट माहिती केंद्रही आहे.

आता नावं. अर्जात दोन वेगळ्या जागा असतात: शोधक आणि अर्जदार. शोधक म्हणजे ज्याच्या डोक्यातून कल्पना आली तो माणूस. अर्जदार म्हणजे ज्याच्या मालकीचं पेटंट होणार तो. अर्जदार बहुधा कॉलेज किंवा कंपनी असते, त्यात गैर काही नाही. पण शोधक म्हणून मुलीचं नाव आहे ना, हे तिनं स्वतः सादर होण्याआधीच्या मसुद्यात वाचलं पाहिजे. विभागप्रमुख आहेत म्हणून शोधक होत नाहीत, आणि ‘फक्त प्रयोग केले’ म्हणून शोधक गळतही नाही, जर त्या प्रयोगात मार्ग तिनं काढला असेल. नोंदवही इथे उपयोगी पडते.

अर्ज केला की तपासणी आपोआप होत नाही, तिची वेगळी मागणी करावी लागते, आणि ती ३१ महिन्यांच्या आत. २०१९च्या नियमदुरुस्तीनं स्त्री-अर्जदारांना जलद तपासणीची सोय दिली आहे. अर्जदार सगळे व्यक्ती असतील, कॉलेज किंवा कंपनी नव्हे, आणि त्यांत निदान एक स्त्री असेल, तर फॉर्म १८-ए भरता येतो. व्यक्तीसाठी साध्या तपासणीची फी ४,००० आणि जलद तपासणीची ८,००० रुपये आहे; फी बदलत असते, भरायच्या दिवशी पाहून घ्या. वर्षानुवर्षं वाट पाहण्याऐवजी निर्णय लवकर लागतो, आणि नोकरी किंवा गुंतवणूकदार शोधणाऱ्या मुलीसाठी हा फार मोठा फरक आहे. ही सोय मिळावी म्हणून पत्नीचं किंवा आईचं नाव नुसतं घालायची युक्ती काही जण सुचवतात. तसं करू नका आणि करू देऊ नका. आजवर बायकांचं काम असून नाव नव्हतं. काम नसताना नाव लावलं तर खऱ्या शोधक बायकांकडेही संशयानं पाहिलं जाईल.

पैसे कुठून

थोडक्यात सांगते. नमुना बनवायला ‘निधी-प्रयास’ योजनेत इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना सुरुवातीला आधार देणाऱ्या केंद्रामार्फत, १० लाखांपर्यंत मिळू शकतात. जैवतंत्रज्ञान, औषध, शेती, वैद्यकीय उपकरण असा विषय असेल तर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं ‘बिग’ अनुदान आहे: १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. औषध-रसायनांच्या या गावात त्याकडे जास्त मुलींनी पाहायला हवं. नीती आयोगाच्या महिला उद्योजकता मंचावर योजनांची माहिती एकत्र सापडते. अर्ज लिहिताना मुलींना एक सवय सोडायला लावा: ‘आम्ही छोटासा प्रयत्न केला आहे’ असं लिहिण्याची. काय मोजलं, किती आलं, आधी किती होतं, तेवढंच लिहायचं.

कारखान्यात

कोयलीची रिफायनरी, खतं, औषधं, ट्रान्सफॉर्मर, सावली गावाजवळ बनणारे मेट्रोचे डबे, आणि २०२४ पासून विमानाची जुळणी. बडोद्याभोवती नवं घडवायच्या जागांना तोटा नाही. पण कारखान्यात नवी प्रक्रिया सिद्ध होते ती पायलट प्लांटवर, म्हणजे चाचणीच्या छोट्या संयंत्रावर, आणि तिथली बॅच काही संध्याकाळी सहाला थांबत नाही. १९४८च्या कारखाना कायद्यातल्या कलम ६६ मुळे बायकांना रात्रपाळीत ठेवणं वर्षानुवर्षं बंद होतं. त्यामुळे प्रयोगशाळेत कृती बसवायची ताईनं, आणि रात्री दोन वाजता रिॲक्टरच्या, म्हणजे रसायनांची प्रक्रिया होते त्या टाकीच्या, तापमानाशी झुंजून ती मोठ्या प्रमाणात यशस्वी करायची दुसऱ्यानं. श्रेय मात्र झुंजणाऱ्याच्या नावावर. आता नियम सैल होत आहेत, तिची संमती, वाहन आणि सुरक्षेची व्यवस्था या अटींवर. तुम्ही व्यवस्थापक असाल तर चाचणीच्या बॅचचं वेळापत्रक घेऊन बसा. जी रात्री थांबू इच्छिते तिला दारापर्यंत गाडी द्या. जिला शक्य नाही तिच्या बॅचची कळीची पायरी दिवसा येईल अशी सुरुवात लावा. बहुतेक वेळा ते जमतं, कोणी विचारलेलं नसतं इतकंच.

बाकीच्या गोष्टी लहान दिसतात. बायकांच्या मापाचे सेफ्टी शू आणि हातमोजे (सैल हातमोजा यंत्रात अडकतो, तो धोका आहे), प्लांटजवळ स्वच्छतागृह, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती, पन्नास किंवा जास्त असतील तिथे पाळणाघर. समिती आणि पाळणाघर हे कायद्यानं बंधनकारक आहे, उपकार नव्हेत. इंटर्न आणि शिकाऊ मुलीही त्या समितीकडे जाऊ शकतात, तक्रार तीन महिन्यांत करावी लागते. इंटर्नशिपला पाठवण्याआधी मुलींना समितीतल्या बाईंचं नाव माहीत करून द्या.

घरी बसलेल्या परत याव्यात म्हणून

मंडळांना सगळ्यात चांगलं जमेल असं काम हे आहे, कारण या बायका मंडळाच्या हळदीकुंकवाला येतात. एम.एस्सी. झालेल्या, काही पीएचडी झालेल्या. सुदामापुरी, मांजलपूर, कारेलीबागेत प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या इमारतीत एखादी सापडेल. ‘घरसंसारामुळे सोडलं’ असं त्यांच्याबद्दल सर्रास म्हणतात. भारतीय विज्ञान अकादमी आणि बंगळुरूच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीजनं २०१० मध्ये पीएचडी झालेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातून दिसलं की घर हे एकच कारण नाही. योग्य नोकरीच न मिळणं हे मोठं कारण आहे. म्हणून तिला ‘हिंमत कर’ सांगण्यापेक्षा तिच्यासाठी जागा शोधा.

केंद्राच्या विज्ञान विभागाची ‘वाइज-किरण’ योजना याच बायकांसाठी आहे. तिच्यात पीएचडीसाठी, पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी आणि बौद्धिक संपदेच्या वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी वेगवेगळे भाग आहेत. शेवटचा मला विशेष आवडतो, कारण पेटंट एजंट होऊन घराजवळ राहूनही पक्कं तांत्रिक काम करता येतं. जैवतंत्रज्ञानवाल्यांसाठी ‘बायोकेअर’ आहे. पीएचडी अर्धवट असेल तर यूजीसीच्या २०२२च्या नियमांत स्त्रियांना दोन वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा आहे, हे पुष्कळ जणींना ठाऊकच नसतं.

अशा ताईला भेटायला जाल तेव्हा घरच्यांशीही बोला. सासूबाईंना टाळू नका. किती तास बाहेर, मुलं शाळेतून आली की कोण, पैसे किती येणार, हे त्यांचे प्रश्न रास्त असतात आणि उत्तरं दिली की त्याच पाठीशी उभ्या राहतात. कमला सोहोनींची गोष्ट इथे कामाला येते. १९३३ मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेनं मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर घेतलं. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएचडी झाल्या, विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. पुढे त्यांनी डाळी, दूध, नीरा यांतल्या पोषणावर काम केलं. सासूबाईंना नीरा आणि डाळी यांबद्दल बोलायला आवडतं.

मग प्रत्यक्ष अर्ज. तो तिच्यावर सोडून येऊ नका. दोन-तीन दुपारी सोबत बसा. जुनी गुणपत्रकं, लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा, खंडाच्या वर्षांचं साधं स्पष्टीकरण, आणि तिला मार्गदर्शक व्हायला तयार असलेल्या प्राध्यापकांचं संमतिपत्र. हे शेवटचं सगळ्यात अवघड असतं, म्हणून आधी त्यालाच लागा: विद्यापीठाच्या विज्ञान शाखेत तिच्या विषयावर सध्या कोण काम करतं ते पाहा, त्यांचे अलीकडचे दोन निबंध तिला वाचू द्या, आणि मग ईमेल. उत्तर आलं नाही तर आठवड्यानं पुन्हा, नंतर प्रत्यक्ष भेट. अर्ज मंजूर झाला की तिच्या कागदपत्रांची यादी आणि लिहिलेला मसुदा तिच्या परवानगीनं मंडळाच्या कपाटात ठेवा. पुढची येईल तिच्याबरोबर बसायला आता तुम्ही नका जाऊ, हिलाच पाठवा.